काढून ठेवलेलं फुटेज

मंगळवारी दुपारी मी गडचिरोलीत, माझ्याच स्टुडिओत, चांगलाच तोंडावर आपटलो. स्टुडिओ म्हणजे काय, घराचीच पुढची खोली... एक कॉम्प्युटर, एक कूलर आणि माझ्या लाडक्या चार हार्ड डिस्क.

या डिस्कांचा मला भारी गर्व. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची टेप, प्रत्येक लग्नाचा वेगळा फोल्डर, आत रॉ, गाणी, प्रोजेक्ट, फायनल. पेनड्राइव्ह पार्टीच्या हातात पडला की महिन्याभरात रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं मूळ शूटिंग, उडवायचं, हा आपला नियम. नाहीतर एका सीझनमध्येच सगळ्या तुडुंब भरतात हो!

तर धानोऱ्याकडची सरिता आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "भाऊ, माहे बाबा गेले नं पोळ्याच्या आधी. फोटो लय आहेत... पन आवाज कुठीच नाई. तुमच्यापाशी असंल का?"

फिल्ममध्ये बाबा दिसतात, पण वरून गाणं. मीच टाकलेलं. खरं सांगू? हे बाबा मंडपात सारखे कॅमेऱ्यासमोर यायचे आणि ओरडायचे. एडिटिंगला बसल्यावर त्यांच्या नावानं मी किती बोटं मोडली असतील... वेचून वेचून कापलं होतं त्यांना.

आणि रॉ तर कधीचंच गेलेलं. मी सरळ सांगून टाकलं, "ताई, नाई राह्यलं आता ते." ती "बरं" म्हणाली आणि उठली. भांडली असती तर परवडलं असतं राव.

तेवढ्यात वंदना, म्हणजे आमची बायको, चहा घेऊन आली. डिस्कवरचं कॉपी करणं, डिलीट करणं तिच्याकडेच असतं. "काऊन? आहे नं ते," ती म्हणाली. "तुमीच तं फोनवर म्हटलं होतं, सरिताचं काढून ठेव."

ठेव? अगं, मी म्हटलं होतं काढून टाक! तेव्हा मी मार्कंड्याच्या जत्रेत शूटवर होतो, आजूबाजूला हा गोंगाट. काढून ठेवतात ते जेवण... घरचं कोणी यायचं राहिलं असेल तर त्याच्या वाट्याचं!

तिनं शांतपणे हिरव्या टेपची डिस्क लावली. मी समजत होतो त्यात फक्त गाणी आहेत. आत एक फोल्डर, नाव 'काढून ठेवलेलं'... आणि त्यात एकट्या सरिताचंच नाही, कितीतरी लग्नं. मी कापलेले म्हातारे, रडकी पोरं, वाढताना भांडणाऱ्या आत्या. सगळे!

क्लिप सुरू झाली. नवी टोपी घातलेले बाबा, दोन्ही हात पसरून गर्दीला मागं लोटतायत. "सरका ना बे! माह्या पोरीची शूटिंग होऊन राह्यली!" आणि स्वतः बरोबर कॅमेऱ्याच्या मधोमध उभे.

सरिता आधी खळखळून हसली. "अस्सेच होते जी ते!" मग पदर डोळ्याला लागला. चार वेळा लावली आम्ही ती क्लिप, चहाचं पार पाणी झालं.

ती गेल्यावर मी वंदनाला पकडलं... खरंच 'ठेव' ऐकू आलं होतं का तुला? कप विसळता विसळता म्हणाली, "ऐकू तं 'टाक'च आलं होतं. पन मी उघडून पाह्यलं, तं थो मानूस बोलून राह्यला होता. बोलत्या मानसाले मधातच कसं काढून टाकाचं?"

इतकी वर्षं एडिटिंग करतोय, वाटायचं की काय कापायचं ते आपल्यालाच कळतं.

वंदना, घरात तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर म्हणतो... थँक्यू गं. आणि तुझ्या फोल्डरला जागा कमी पडली, तर खुशाल माझी गाणी उडव.