चक्कीचं इंजिन

मोर्शीकडून अमरावतीला येताना माझ्या मोटारीचं इंजिन फुटलं, तेव्हा मागच्या सीटवर एक अडलेली बाई होती.

वैशाखातली दुपार होती. मूल आडवं आलेलं. गावच्या सुईणीनं हात टेकल्यावर मला बोलावणं आलं होतं, आणि तपासल्याबरोबर मी सांगितलं होतं की हे काम इथं व्हायचं नाही, अमरावतीच्या बायांच्या दवाखान्यात न्यायला हवं. तिच्या सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. मी वेग कमी केला. टकटक वाढली. मग असा दणका बसला की पायाखालची फळी हादरली. गाडी रस्त्यावर काळं तेल सांडत थोडी पुढं घरंगळली आणि थांबली.

"काहून थांबलो बाई?" सासूनं विचारलं.

मी उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बिडाला, म्हणजे बाहेरच्या ओतीव लोखंडाला, मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून एक मोडका दांडा बाहेर आला होता. मोटार चालवता येत होती तरी तिच्या पोटातलं मला फारसं कळत नव्हतं. पण हे पुन्हा चालू होणार नाही, एवढं कोणालाही कळलं असतं.

रस्ता दोन्हीकडे रिकामा. उन्हात झाडाची सावलीसुद्धा नाही. बाई कण्हत होती. बऱ्याच वेळानं कडब्यानं भरलेला एक छकडा आला. गाडीवानानं निम्मा कडबा रस्त्याच्या कडेला उतरवला, उरलेल्यावर बाईला निजवलं, आणि आम्ही बैलांच्या चालीनं निघालो. मी सारखी तिची नाडी धरून बसले होते. बोटांखाली नाडी लागली नाही की बोटं सरकवून पुन्हा शोधायची.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बाई वाचली. बाळ वाचलं नाही.

सासू मला काही बोलली नाही. उलट जाताना पाया पडली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

मोटार दुसऱ्या दिवशी बैलजोडीनं ओढून आणली. आमच्या गल्लीतली पोरं मागून ओरडत आली. माझा मोटारीचा मिस्त्री मुसलमान, वयानं माझ्याहून थोडा मोठा, बोलका आणि जरा बढाईखोर. एरवी कुठलीही गाडी पाहिली की "हे त डाव्या हाताचं काम आहे" म्हणायचा. त्या दिवशी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाई, याचं पोट फाटलं. शिवाले जागाच नाई."

लढाईचे दिवस होते. विलायतेहून सुटे भाग यायचे बंद झाले होते. मुंबईला इंजिन मिळालं असतं तरी मला परवडलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बाया ज्वारी देत, हंगामात संत्री देत, आणि उरलेल्या आशीर्वाद देत. अकोल्याहून माझे थोरले बंधू आले. जठारपेठेत राहून ते वकिली करत.

"भंगारात घाल ती मोटार," दादा म्हणाले, "आणि टांगा ठेव. एकट्या बाईला काय करायची आहे मोटार?"

"टांगा मोर्शीला कधी पोहोचेल, दादा?"

ते म्हणाले, "आमच्याकडे एक चक्की बंद पडली आहे. चक्कीला मोटारीचं इंजिन लावलेलं होतं. तुझ्यासारख्याच मोटारीतलं, असं म्हणतात. बघायचं असेल तर ये."

चक्की का बंद पडली, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

मिस्त्रीला घेऊन मी बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला गेले. चक्की एका बोळात होती, दोघा भावांची. इंजिनावर पिठाचा थर बसून घट्ट झालेला. मिस्त्रीनं तो खरवडला, आकडे वाचले आणि खूश होऊन म्हणाला, "आपलंच आहे बाई. सख्खं." थोडं पेट्रोल घालून, हँडल मारून त्यानं ते सुरू केलं. बोळ दणाणला. त्याच वेळी आतल्या खोलीतून एक बाई धावत आली, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"बंद करा! बंद करा ते!"

ती चक्कीवाल्या थोरल्या भावाची बायको. मिस्त्रीनं घाईघाईनं इंजिन बंद केलं. तिच्या मागून धाकटा भाऊ आला. त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेलेला होता.

"नेऊ नका बाई हे," ती मला म्हणाली. "तुमी डॉक्टरीण आहात, लोकायचे जीव वाचवता. यानं आमच्या भाऊजीचा हात खाल्ला. याले रक्ताची चटक लागली आहे."

"वहिनी, तू आत जा," धाकटा शांतपणे म्हणाला.

मी त्याचा हात पाहिला. जखम चांगली भरली होती. कुणी कापला, किती दिवस ताप होता, असलं डॉक्टरी काहीबाही विचारत राहिले. थोरल्यानं किमतीची घासाघीस केलीच नाही. घरातून ते लोखंड जावं एवढंच त्याला हवं होतं. म्हणूनच मला ते झेपलं.

परतीच्या गाडीत मिस्त्री खिडकीबाहेर पाहत होता. मूर्तिजापूर गेलं तरी त्याची नजर आत वळली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई," म्हणाला. "बाया असंच बोलत असतात."

मीही बाईच होते, पण ते त्याच्या ध्यानात आलं नसावं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या बाईचा आवाज विसरता येत नव्हता. रोज पोट फाडणारी मी. रक्ताची चटक लोखंडाला लागत नाही, हे मला कळत होतं. तरी इंजिन लॉरीतून अमरावतीला आलं आणि मिस्त्रीच्या आवारात उतरवलं, तेव्हा मी त्याला हात लावला नाही.

जुनं इंजिन निघालं. नवं बसवायचा दिवस आला. तीन जाड लाकडी बल्ल्या शेंड्याशी बांधून तिवई केली होती आणि तिला कप्पी टांगली होती. साखळीनं इंजिन वर घेतलं, खालून गाडी ढकलत आणली. मिस्त्री वाकून, हातानं इंजिन हलवत जागेवर आणत होता. मी कडेला उभी होते. साखळीची एक कडी सरकली. इंजिन एकदम हातभर खाली आलं आणि गाडीच्या चौकटीवर आदळलं.

मिस्त्री ओरडला. मी धावले. त्याची बाही इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये अडकली होती. हात वाचला होता. ओढल्यावर बाही खांद्यापासून फाटून तिथंच राहिली. तो जमिनीवर बसला आणि आपली पाचही बोटं पुन्हा पुन्हा मिटून उघडून पाहत राहिला.

"उजवाच होता बाई," तो म्हणाला. "पाहा. उजवाच."

त्यानंतर त्यानं कामाला हात लावला नाही. मी गेले की सांगायचा, आज दुसरी गाडी आहे, आज अंग दुखून राहिलं. शेवटी एक दिवस खरं बोलला.

"मी असं मानत नाई. मशिदीत इमामसाहेबालेही विचारलं, त्यायनंही सांगितलं, असं काही नसते. पण मले भेव लागते बाई. रात्रीचा उठून हात चाचपतो. दुसरा कोणी पाहा."

त्याला काय सांगणार? त्याच महिन्यात मी दोन बोलावणी नाकारली होती. एक टांग्यानं जमण्यासारखं होतं, तरी नाकारलं. रस्त्याचं नाव काढलं की माझ्या बोटांना ती नाडी जाणवायची, लागणारी आणि न लागणारी. मिस्त्रीची भीती मला माझ्याइतकीच ओळखीची होती. म्हणून मी त्याच्याशी वाद घातला नाही. पुन्हा अकोल्याला गेले.

धाकटा भाऊ ओट्यावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, बाहीचंही.

"तुम्ही याल का अमरावतीला?" मी विचारलं. "काम मिस्त्रीच करील. तुम्ही फक्त तिथं असा."

त्याच्या वहिनीनं दारातूनच रडायला सुरुवात केली. "भाऊजी, तुमाले एकच हात उरला आहे!"

तो उठला. "म्हणूनच त सांभाळून राहीन," म्हणाला, आणि आत जाऊन टोपी घालून आला.

मिस्त्रीच्या आवारात शिरल्यावर तो आधी इंजिनाकडे गेला. अजून ते तसंच चौकटीवर तिरकं पडलं होतं. त्यानं डाव्या हातानं त्यावरची धूळ पुसली. मिस्त्री लांबूनच बघत होता.

"भाऊ," तो मिस्त्रीला म्हणाला, "माझा हात इंजिनात नाई गेला. चक्कीच्या पट्ट्यात गेला. पट्टा घसरू नये म्हून चालत्या पट्ट्याले राळ लावून राहिलो होतो, आणि सदऱ्याची बाही लोंबत होती. वहिनीले किती वेळा सांगितलं, तिले पटत नाई. तिनं पाहिलं ना सारं."

"माझीही बाहीच होती," मिस्त्री म्हणाला.

"मंग उघड्या अंगानं कर."

मिस्त्रीला हसू आलं. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. त्यानं सदरा काढून खुंटीला टांगला. नवी साखळी आणली होती, ती दोनदा ओढून पाहिली. धाकट्यानं साखळीचं टोक आपल्या एका हाताला वेढून धरलं, मिस्त्रीच्या दोन गड्यांनी मागून जोर लावला. मिस्त्री 'बिस्मिल्ला' म्हणून वाकला. इंजिन वर गेलं, हललं, आणि सावकाश जागेवर बसलं. मिस्त्री काय करतोय ते मी पाहिलं नाही. मी धाकट्याची मूठ पाहत होते. साखळी सैल पडली तरी ती मिटलेलीच होती.

संध्याकाळच्या गाडीनं धाकटा परत गेला. भाडंसुद्धा घेतलं नाही.

इंजिन सुरू झालं, गावात दोन-चार फेऱ्या झाल्या. मिस्त्री म्हणाला, "चिखलदऱ्याच्या घाटात नेऊ नका, बाकी कुठंही जा." मी कुठंच गेले नाही. मग मोर्शीच्या पलीकडच्या एका खेड्यातून माणूस आला. दिवस भरलेली बाई, सकाळपासून झटके येत होते.

मी मिस्त्रीला सोबत चला म्हणाले. तो विचारात पडला, पण आला. जाताना सगळं ठीक झालं. येताना मागे तीच व्यवस्था. बाई आडवी, तिच्या दातांमध्ये मी कापडाची गुंडाळी दिलेली, तिची आई पाय धरून बसलेली. बागा मागे पडल्या. आणि टकटक सुरू झाली.

माझा पाय आपोआप वर आला. गाडी मंदावली. डोळ्यांपुढं रस्ता पांढरा झाला. मला तेल दिसत होतं, कडबा दिसत होता. मागे बाईला झटका आला आणि तिची आई किंचाळली.

"थांबू नका," मिस्त्री म्हणाला.

"ऐकू येत नाही का तुम्हाला? तोच आवाज आहे!"

"तो वरच्या कापडी टपाच्या दांडीचा आवाज आहे बाई. इंजिनाचा नाई. चालवा."

"नक्की?"

"नक्की. चालवा म्हणतो ना!"

मी चालवली. टकटक थांबली नाही. प्रत्येक टकटकीला वाटायचं, आता दणका बसेल. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की दवाखान्याच्या दारात बोटं सुटेनात. मिस्त्रीनं ती एकेक करून सोडवली. त्या काळी एखाद्या मिस्त्रीनं माझ्या हाताला असा हात लावणं म्हणजे केवढी गोष्ट. पण त्याला काही वाटलं नाही, मलाही नाही.

मुलगी झाली. बारकी, निळसर, पण रडली. आई दोन दिवस बेशुद्ध होती. मग तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

मुलगी झाल्यावर मी बाहेर आले तेव्हा मिस्त्री मोटारीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. मी त्याला बातमी सांगितली. "अल्ला मालिक," म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मले कुठं माहीत होतं बाई, कशाचा आवाज होता ते. पण थांबलो असतो त तुमी पुन्हा निघाल्या नसत्या. मीही नसतो निघालो."

दुसऱ्या दिवशी त्यानं टपाच्या दांड्या घट्ट केल्या, बॉनेटला कातडी पट्टा लावला, इंजिनाचे बोल्ट पिळले. आवाज कधी यायचा, कधी यायचा नाही. कशाचा होता ते शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या इंजिनावरच मी पुढं बरीच वर्षं मोर्शीपर्यंत जात राहिले. तो आवाज आला की तळहाताला घाम सुटायचा. एक हात पदराला पुसायचा, मग दुसरा, आणि पुढं जायचं.