मदिनाबीच्या घरचा पासवर्ड

तेरना नदीकाठच्या तेर गावात मदिनाबी मनियारनीला वळखत न्हाय आसं एकबी घर न्हाय. समद्या लेकी-सुनांचे हात तिच्याच हातातनं गेलेत. पोरीनं हात पुढं करायचा अवकाश, मदिनाबी नुसता पंजा दाबून बांगडीचं माप सांगायची. आन् पोरगी घाबरून मूठ आवळाय लागली की म्हनायची, "हात सैल सोड गं माय! तू धरून ठिवलास की बांगडी फुटती, आन् वर माझ्याच नावानं बोंब मारशील." बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली आसायची, पोरीला कळायचंबी न्हाय.

त्या मदिनाबीला एकच ल्योक, कलीम. धाराशिवला मोबाइलच्या दुकानात कामाला जायचा. लगीन करून मिनाजला आनली आन् घरात तारंचं नेट घेतलं. पर घर जुन्या बांधनीचं, भिंती ह्या आशा जाड. नेटचा खोका पुढल्या खोलीत, आन् मागल्या खोलीत रेंजचा पत्ता न्हाय. मिनाज बिचारी नवी नवरी. आईसंगं व्हिडिओवर बोलायचं तर तिला पुढल्या खोलीत, सासऱ्याच्या म्होरं उभं ऱ्हावं लागायचं. हसायची चोरी, रडायचीबी चोरी.

कलीमच्या ध्यानात आलं त्ये. येके दिवशी त्यानं धाराशिवहून येक डबी आनली. साबनाच्या वडीयेवढी, बोर्डात खोचायची. त्येला एक्स्टेंडर म्हनत्यात. पुढल्या खोलीतलं नेट ती झेलती आन् मागल्या खोलीत पसरवती. डबीवरचा निळा दिवा लागला तसा कलीमचा बाप, बाबामियाँ, खाटंवरनं म्हनला, "का रं, बायकूसाठी नेटालाबी कावड लावलीस व्हय?"

मिनाज लाजून आत पळाली. त्या घरात मोठ्यानं हसन्याचे दिस त्येवढेच.

दुसऱ्या पावसाळ्यात ढोकीच्या वाटंला कलीमची गाडी घसरली, आन् पोरगं जागच्या जागी गेलं. मिनाजच्या हातातल्या बांगड्या मदिनाबीनंच उतरवल्या. भरल्या व्हत्या त्याच हातानं. चाळिसव्याला त्येचे कपडे वाटले, बूट वाटले, जाकीट मोहल्ल्यातल्या येका गरिबाला दिलं. देनारीनं समदं दिलं. पर भिंतीतली डबी काय कुनाला द्यायची चीज न्हवती. ती तशीच जळत ऱ्हायली, निळी.

पोटी लेकरू न्हवतं. मिनाज तरी सासूला सोडून जाईना. शेवटाला मदिनाबीच उठली. म्हनली, "पोरीची उमर काय, आन् तिनं माझ्यासारख्या म्हातारीचं त्वांड बघत बसायचं?" माकनीचा अजहर, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, भला मानूस, त्येच्यासंगं निकाह लावून दिला. निकाहाच्या दिशी मिनाजचा पंजा दाबला तर ध्यानात आलं, हात बारीक झालाय, माप येक घर उतरलंय. हिरव्या बांगड्या भरल्या आन् डोळ्याला पदर लावला.

थोड्या दिसांनी मिनाज भावासंगं भेटाय आली. उंबऱ्यावर पाय ठिवला न्हाय तवर तिच्या मोबाइलवर टुन् वाजलं.

"काय गं?"

"काय न्हाय अम्मी, घरचं नेट लागलं. आपोआप."

मदिनाबीला येवढं बरं वाटलं म्हनता! रातभर नवऱ्याला त्येच सांगत बसली. "आवो, पाव्हन्याला पासवर्ड इचारावा लागतो. घरच्याला न्हाय. आपल्या घरानं पोरीला वळखलं बघा." खुळं म्हना न्हायतर काय म्हना, तिनं त्येवढ्यावर जीव टांगला. मिनाज आता दुसऱ्याची, नाव दुसरं, गाव दुसरं. पर ह्या घराला ती अजून सून म्हनून ठावं हाय, ह्येवढंच तिला हवं व्हतं.

आन् तेवढ्यात गावातल्या जुन्या केबलवाल्यानं धंदा मोडला. नेट बंद. डबीचा निळा दिवा लाल झाला. मग दुसऱ्या कंपनीची तार घ्यावी लागली. ती बसवाय कंपनीचा शिवपुत्र आला. नवा खोका लावला, मागल्या खोलीत जाऊन डबी बघितली, आन् म्हनला, "चाची, डबी चांगली हाय, फेकू नका. पर तिच्या डोक्यात अजून जुनंच नेट हाय. ह्ये बारीक भोक दिसतंय का? ह्येच्यात टाचनी घालून दाबून धरली की समदं इसरती. मग नवं शिकवू."

मदिनाबी डबीच्या म्होरं आडवी झाली. "हात लावू नगंस! इसरली तर मिनाजचा मोबाइल कसा लागंल?"

"पासवर्ड सांगायचा की त्यांना."

"माज्या सुनंला पासवर्ड सांगायचा? ती काय पाव्हनी हाय?"

बाबामियाँ वरडले, "आगं, त्येला काम करू दे, कज्जा काय करतीस!"

शिवपुत्रानं डोकं खाजवलं. म्हनला, "बरं, येक करता येतं. नव्या खोक्याला जुन्याचंच नाव आन् जुनाच पासवर्ड देतो. डबीला वाटंल, काय बदललंच न्हाय. मोबाइलांनाबी तसंच वाटंल. पर जुना पासवर्ड?"

त्यो तर कलीमलाच ठावं व्हता. तवा शिवपुत्रानं मदिनाबीचाच मोबाइल घेतला. मोबाइल धरून ठिवतो म्हनं समदं. उघडून बघितलं आन् वाचलं, "मिनाजकलीम. मधी जागा न्हाय, जोडूनच लिव्हलंय."

बाबामियाँ भिंतीकडं वळून खोकले. शिवपुत्रानं गुमान नव्या खोक्यात त्येच घातलं. थोड्या वक्तानं डबीवरचा लाल दिवा गेला आन् निळा लागला. डबी फसली. मदिनाबीनं तिच्यावरनं पदर फिरवला.

मग ईद आली. मिनाज अजहरसंगं आली, लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदाच जोडीनं. उंबऱ्यावर टुन् वाजलं आन् मदिनाबीनं नवऱ्याकडं आसं बघितलं, जशी लढाई जितली.

जावई म्हनून अजहरला मागल्या खोलीत बसवलं, शिरखुर्मा दिला. त्यो बिचारा मनमोकळा. म्हनला, "अम्मी, हिथं माजी रेंज मेलीया. आमच्या अम्मीला व्हिडिओ लावून दावतो, तुमी कशी खातिर करताय. वायफायचा पासवर्ड काय हाय?"

बाबामियाँ हौसंनं म्हनले, "लई सोपा हाय, आरं मि..."

"शिरखुर्मा थंड व्हतोय!" मदिनाबी आशी वरडली की म्हाताऱ्याच्या हातातला चमचा पडला.

अजहर हसला. "मिनाज, तुजा तर लागलाय की. तुला ठावं आसंल."

मिनाजच्या तोंडावरचा रंगच गेला. "न्हाय... त्ये आपोआप लागतं."

"आपोआप कसं? कवातरी तूच टाकला आसशील."

त्येच्या मनात काय काळंबेरं न्हवतं. पर मिनाजनं हाताची मूठ आवळली, आन् हिरव्या बांगड्या येकमेकीवर किनकिनल्या. मदिनाबीनं जल्मभर त्येच बघितलेलं. घाबरलेला हात तिला लांबनंबी वळखू येतो.

"नवं कनेक्शन हाय बाळा," मदिनाबी म्हनली, "शिवपुत्रालाच ठावं त्ये." ईदंच्या दिशी लबाड बोलली.

"ऱ्हाऊ द्या मग," म्हनून अजहर मोबाइल घेऊन अंगनात गेला. त्येची पाठ वळली तशी मिनाजनं आपला मोबाइल काढला, आंगठ्यानं काय तरी दाबलं, आन् पडद्यावरली नेटची निशानी गेली. मान वर केली तर समोर सासू.

जाताना मिनाज गळ्यात पडली, लई वेळ सोडंना. मग गाडीवर बसली आन् मागं वळून न बघता गेली.

मगरिबची नमाज झाली. मदिनाबी मागल्या खोलीत गेली. ओढनीची टाचनी काढली. डबी तशीच जळत व्हती, निळी. भोकाला टाचनी लावली, पर हात आवळलेला.

"हात सैल सोड, मदिने," तिनं सोताला म्हनलं, आन् दाबून धरली.

निळा दिवा गेला. बाबामियाँ दारात उभे व्हते. कवा आले, काय ठावं.

दुसऱ्या दिशी शिवपुत्राला बोलवलं. त्यो म्हनला, "चाची, आता काय ठिवू पासवर्ड?"

"आसा ठिव, की कुनालाबी मोठ्यानं सांगता यावा."

पुढं सुगीच्या वक्ताला मिनाज परत आली, अजहर संगंच. उंबऱ्यावर टुन् वाजलं न्हाय. चप्पल काढून बसली, पानी पिली, मोबाइल बघितला. मग हळूच म्हनली, "अम्मी, पासवर्ड काय हाय?"

"तेरनाकाठ," मदिनाबी खनखनीत म्हनली, अजहरलाबी ऐकू जाईल आसं. "समदं जोडून."

आन् चा बघते म्हनून चुलीकडं गेली. चा कवाच उतू जाऊन चूल इजली व्हती, पर ती लई वेळ भाईर आली न्हाय.