कोऱ्या जागेत सासुरवाडी

माणसानं सासुरवाडीचं भलं जरूर करावं, पण कॉम्प्युटरवरून करू नये. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, भोगून सांगतोय! चहा घ्या आधी, निवतोय. मग ऐका माझा गाढवपणा.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. नागपुरातल्या आमच्या सरकारी कचेरीत नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी आणि आत जाताना चपला बाहेर! आमचे साहेब मे महिन्यात घामानं निथळायचे आणि तो डबा मात्र गारेगार. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला अख्ख्या कचेरीत मी एकटा, म्हणून मला तिथं बसवलं. नोकरी मात्र टेम्पररी. नुकतं लग्न झालेलं, नंदनवन वस्तीत भाड्याची खोली, आणि भेटेल तेव्हा सासऱ्यांचा एकच प्रश्न, "परमनंट कधी?"

त्यांचा आणखी एक प्रश्न होता. माझी सासुरवाडी निंबखेडी, जीपनं दीड तासावर. तिथला हातपंप, म्हणजे आमच्याकडची बोरिंग, दिवाळीपासून बंद पडलेली.

"जावई बोरिंगच्याच हापिसात, अन् आमचीच बोरिंग बंद!" सासरे, म्हणजे आमचे मामाजी, म्हणायचे. "लोक हासून राहिले ना आमच्यावर, जावईबापू!"

मी आपला "पाहतो, मामाजी" म्हणून वेळ मारून नेत होतो. टेम्पररी माणूस दुसरं काय करणार?

तेवढ्यात हिवाळी अधिवेशन आलं. मुंबईचे मोठे साहेब नागपुरात दाखल झाले. त्यांना जिल्ह्यातल्या बंद हातपंपांची यादी हवी होती, तीही अशी की जे गाव विचारावं तेवढंच निघावं. मी पडद्यावर तीन प्रश्न बसवले. तालुका कोणता? गाव कोणतं? पंप चालू की बंद? जे टाइप कराल तेवढंच गाळून छापलं जाईल. आणि तालुका, गाव कोरं सोडलंत तर अख्खा जिल्हा यावा.

"यावा" म्हणतोय मी. "येत होता" म्हणत नाहीये!

झालं काय, तपासताना दिवसातून शंभरदा तेच ते टाइप करावं लागायचं. बोटं दुखायला लागली. आणि जिल्ह्यात नक्की बंद आहे अशी मला शंभर टक्के खात्री असलेला पंप कोणता? निंबखेडीचा! मग मी एक तात्पुरती सोय केली. गावाची जागा कोरी सोडली, की कॉम्प्युटरनं आपसूक निंबखेडी धरायचं. काम संपलं की काढून टाकू, म्हटलं.

तात्पुरती सोय! अहो, मी स्वतः दोन वर्षं तात्पुरता होतो. तात्पुरतं किती दिवस टिकतं, हे मला कळायला नको?

यादी दाखवायच्या दिवशी आमच्या साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"आज नीट जमलं तं मोठे साहेब तुह्या परमनंटच्या कागदावर सही करून राहिले. गडबड करू नको गा!"

मोठे साहेब चपला काढून आत आले. "मीच बटण दाबतो," म्हणाले. तालुका? कोरा. गाव? कोरं. फक्त 'बंद' टाइप केलं आणि दाबलं. आणि त्या क्षणी, अगदी त्याच क्षणी, मला माझी सोय आठवली!

प्रिंटर कर्रकन वाजला, एक ओळ छापली आणि गप्प झाला.

"एकच?" मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्यात एकच पंप बंद?"

"आमचं कामच तसं हाय सर!" आमच्या साहेबांनी छाती फुगवली. त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता, पण कॉम्प्युटरपुढे कोण बोलणार?

"बरोबर आहे ना ही यादी?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

'सर, चूक झाली.' एवढंच तर म्हणायचं होतं! पण माझा परमनंटचा कागद तिथंच टेबलावर होता, वर उघडं पेन. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"हो सर."

"छान! मग तो एक आत्ताच सुरू करून येऊ. उद्या सभागृहात उत्तर देऊन टाकू, जिल्ह्यात एकही हातपंप बंद नाही. मिस्त्रीला घ्या. आणि तुम्हीही चला."

म्हणजे आता माझी थाप थेट सभागृहात जाणार होती! त्या घाबरगुंडीत मी चपला घालायलाच विसरलो आणि अनवाणी जीपमध्ये चढलो.

वाटेत मी तीनदा "सर..." म्हणालो. पहिल्यांदा मोठे साहेब म्हणाले, "संत्र्याच्या बागा काय सुंदर आहेत!" दुसऱ्यांदा खड्डा आला. तिसऱ्यांदा निंबखेडी आली.

मी जीपच्या मागं, स्टेपनीच्या आड लपलो. पण सासऱ्याच्या नजरेतून जावई सुटलाय कधी?

"जावईबापू!" मामाजी धावत आले. "अवं, आयकलं का? जावई आले! पाय धुवाले पानी आन वं!"

"कुठून आनू?" घरातून सासूबाईंचा आवाज. "बोरिंग बंद हाय ना!"

मोठे साहेब सावकाश माझ्याकडे वळले. "जावई?"

"हो ना साहेब!" मामाजींचा ऊर भरून आला होता. "मी तं गावात सांगूनच ठेवलं होतं, कम्पुटर आमच्या जावयाच्या हातात हाय, पयला नंबर आपलाच लागन! अन् पाय पाहा त्याचे. चप्पल बी नाही! गावासाठी अनवाणी धावत आला ना!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणी कसली घेते! मग मी सगळं सांगून टाकलं. कोरी जागा, दुखणारी बोटं, निंबखेडी, सगळं. आमचे साहेब मटकन पंपाच्या ओट्यावर बसले.

"आणि उद्या मंत्रीसाहेब सभागृहात उभे राहून..." मोठे साहेब एवढंच म्हणाले. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो. मग त्यांनी मामाजींना विचारलं, "गावात विहीर आहे?"

"हाय म्हंजे? चांगल्या दोन हायेत साहेब!" गावाची बढाई मारायची संधी मामाजी कशाला सोडतील? "लय खोल! पन पानी? गोडचगोड!"

"मग चला परत," साहेब म्हणाले. मिस्त्रीनं पिशवीतून नुकताच काढलेला पाना पुन्हा पिशवीत टाकला.

कचेरीत येऊन मी ती सोय काढली आणि यादी पुन्हा छापली. कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत गेला, तरी प्रिंटर थांबेना. मोठ्या साहेबांनी सभागृहासाठी लिहून ठेवलेलं उत्तर फाडलं आणि मला म्हणाले, "आता चौथा प्रश्न बसवा. गावात विहीर आहे का? नाही, ती गावं आधी. आहे, ती सगळ्यात शेवटी."

मी माझ्या हातांनी, याच दहा बोटांनी, तो प्रश्न बसवला. निंबखेडी शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत गेली.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि माझा परमनंटचा कागद स्वतःच्या बॅगेत घातला. "यादीतला शेवटचा पंप सुरू झाला, की सही करतो."

शेवटचा पंप म्हणजे कोणता, ते कळलं ना?

त्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो. डोक्यावर नागपूरचं ऊन, जावयाचा थाट म्हणून अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. सासूबाईंनी खुर्ची मांडली. मी बसणार, तेवढ्यात तिच्यावर मामाजी बसले आणि माझ्या हातात दोर-बादली दिली.

"बसता कुठं, जावईबापू? यादीत गावाचा नंबर लागेपर्यंत विहिरीवर नंबर तुमचा."

विहीर खरोखरच खोल होती. पाणी गोड होतं की नाही, ते मला विचारू नका. प्यायला दम उरला असता, तर सांगितलं असतं!