डोली जिथवर चढली, तिथवर विमान

"बोटीने नाही, आणि विमानाने तर मुळीच नाही. मी सर्टिफिकेटवर सही करणार नाही," डॉक्टर म्हणाले. नानांनी हातातला चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

आम्ही भोरला नानांच्या ओसरीवर बसलो होतो. नाना वकील, आमचे जुने शेजारी. त्यांची मुलगी इंदू मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी तिला क्षय झाला तोवर. मी मुंबईला एका विमान कंपनीत ग्राउंड इंजिनीयर होतो आणि चार दिवसांच्या रजेवर घरी आलो होतो. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि आमच्या कंपनीने युरोपची विमानं नुकतीच सुरू केली होती.

इंदूचा थुंकीचा रिपोर्ट आता चांगला येत होता, ती घरात हिंडूफिरू लागली होती. पण डाव्या फुप्फुसातली एक पोकळी मिटत नव्हती. त्यासाठी ऑपरेशन हवं होतं. तिचा भाऊ जिनिव्हाला नोकरीत होता. त्याने तिथल्या सॅनेटोरियममध्ये जागा मिळवली होती, तिकिटाचे पैसे पाठवले होते. जागा महिनाभर राखून ठेवणार होते.

अडचण होती ती तिच्या उपचाराची. त्या काळी क्षयाचं फुप्फुस विश्रांती घेऊ शकावं म्हणून बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत. त्या हवेच्या दाबाने फुप्फुस आकसून पडून राही. हवा हळूहळू जिरते, म्हणून दर काही दिवसांनी पुन्हा भरावी लागे. बोटीच्या लांब प्रवासात ती भरणार कोण? म्हणून बोट नाही.

"आणि विमान का नाही?" नानांनी विचारलं.

"कारण वर हवा विरळ असते. बाहेरचा दाब कमी झाला की छातीत कोंडलेली हवा फुगते. ती हृदयाला ढकलेल, चांगलं फुप्फुसही दाबेल. समुद्रावर असताना मुलीचा श्वास अडकला तर काय करणार?"

डॉक्टर बरोबर बोलत होते. पण ते जुन्या विमानांबद्दल बोलत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, आमच्या नव्या विमानात कॅबिनला प्रेशर असतं."

"म्हणजे डब्यासारखं बंद?"

"बंद नाही. भातखाचरासारखं."

हे मला तेव्हा सुचलं, आणि पुढे नोकरीत नव्या मुलांना मी असंच समजावत आलो. खाचरात वरच्या अंगाने पाणी सतत येत असतं आणि खालच्या बांधाला ठेवलेल्या तोंडातून सतत जात असतं. तोंड लहान केलं की खाचर भरतं, मोठं केलं की उतरतं. विमानातही तसंच. इंजिनावर चालणारा पंप, त्याला आम्ही सुपरचार्जर म्हणतो, बाहेरची विरळ हवा दाबून कॅबिनमध्ये ढकलत राहतो. दुसरीकडे एक व्हॉल्व्ह ती बाहेर सोडत राहतो. व्हॉल्व्ह किती उघडा, यावर आतला दाब ठरतो. विमान वीस हजार फुटांवर असलं तरी आत बसलेल्याला आपण आठ हजार फुटांच्या डोंगरावर आहोत असं वाटतं.

"आठ हजार!" डॉक्टर म्हणाले. "महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. तेही मला चालणार नाही. जमिनीइतकाच दाब का ठेवत नाही?"

"बांध फुटेल. आत आणि बाहेर दाबात फार फरक पडला तर विमानाचा पत्रा सोसणार नाही. फरकाला मर्यादा आहे. पण विमानच खालून उडवलं, तर कॅबिनची उंचीही खाली ठेवता येते."

"किती खाली?"

"तुम्हीच सांगा, तिला किती झेपेल."

ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. इतका वेळ आतल्या दारात उभी असलेली इंदू म्हणाली, "मग बघू या ना. मला राजगडावर न्या, तिथेही हवा विरळच असेल."

नाना तिच्यावर खेकसले. पण डॉक्टर खेकसले नाहीत. ते म्हणाले, "डोंगरावर एक बरं असतं. वाटलं तिथून परत फिरता येतं. मी सुई बरोबर घेईन. श्वास लागला तर जागेवरच हवा काढून घेईन. पण ही एक पाऊलही चालणार नाही."

मी मुंबईला जाऊन आमच्या चीफकडे एक अल्टिमीटर मागितला. अल्टिमीटर म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळ. चीफ पारशी गृहस्थ होते. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वसंत, तू विमानाचा अल्टिमीटर घेऊन डोंगरावर जाते? पिकनिकला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः उठून कपाटातून एक तपासलेला अल्टिमीटर काढला आणि म्हणाले, "पाडला तर तुझा पगार गेला. आणि पोरीला नीट घेऊन ये."

भात कापून झालं होतं. खाचरं कोरडी पडली होती आणि सकाळी चांगलीच थंडी होती. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याचे गणपतराव आणि त्यांच्या भावकीतले सातजण डोली घेऊन तयार होते. मी गावामागच्या वाटेकडे बोट दाखवलं तर गणपतरावांनी मान हलवली.

"हितनं डोली न्हाई चढायची. लई खडी वाट हाय. पालीच्या अंगानं जाऊ. तिकडं पायऱ्या रुंद हायेत."

म्हणून वळसा घालून आम्ही पालीकडून चढलो. चौघं डोलीला, चौघं बदलीला. मी पुढे अल्टिमीटर घेऊन, डॉक्टर डोलीच्या बाजूने. ठरावीक चढ झाला की थांबायचं. डॉक्टर तिची नाडी बघत, छातीला स्टेथोस्कोप लावत, ओठांचा रंग बघत. मग मान हलवत आणि डोली पुन्हा उचलली जाई.

अर्धा गड चढून झाल्यावर एका वळणावर इंदूचा श्वास जोरात चालू लागला. चेहरा पांढराफटक पडला. डोली खाली ठेवली. डॉक्टरांनी बॅग उघडून सुई हातात घेतली. हा सगळा उद्योग माझ्या शब्दावर चालला होता.

डॉक्टरांनी छातीवर बोटं वाजवून पाहिली, पुन्हा स्टेथोस्कोप लावला, पुन्हा ऐकलं. "छाती ठीक वाटते," ते हळूच म्हणाले. "इंदू, नक्की काय होतंय?"

"भीती वाटतेय," इंदू म्हणाली. "छातीची नाही. डोलीची. वळणावर मी सगळी दरीवर लटकते. मी श्वास रोखून धरत होते."

गणपतराव हसले. "आवं ताई, आदी सांगायचं न्हाई व्हय! डोली फिरवून घेतो. तुमी दरीकडं बगू नका, माज्या पाठीकडं बगा. ही पाठ कदी पडली न्हाई."

डोली फिरवली. डॉक्टरांनी सुई बॅगेत ठेवली, पण बॅग उघडीच राहू दिली.

दुपारच्या आत आम्ही पद्मावती माचीवर पोहोचलो. अल्टिमीटरचा काटा चार हजाराच्या आसपास होता. बालेकिल्ला अजून डोक्यावर होता, पण तिकडे कातळात हातापायांनी चढावं लागतं. डोलीचं काम नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत इथेच थांबू," डॉक्टर म्हणाले. "विमानात ती काही पाच मिनिटांसाठी बसणार नाही."

आम्ही थांबलो. गड्यांनी भाकरी आणि ठेचा काढला. इंदूने अर्धी भाकरी खाल्ली, मग गणपतरावांशी त्यांच्या मुलीला शाळेत घालण्यावरून वाद घातला. वाद बराच रंगला. शाळा लांब आहे, असं ते म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. डॉक्टर लांबून तिच्याकडे बघत होते. "इतकं बोलतेय आणि धाप नाही," ते मला म्हणाले. "वसंतराव, चार हजारांवर मी सही करतो. त्याच्या वर शंभर फूटही नाही."

आता प्रश्न माझा होता. मुंबईला परत येऊन मी हिशेब मांडला. कॅबिन चार हजारांवर ठेवायची तर आमचं विमान साधारण चौदा हजारांच्या वर जाता कामा नये. चीफनी आकडे तपासले आणि मला जिनिव्हाच्या विमानाच्या कॅप्टनकडे घेऊन गेले.

"चौदा हजारांवर ढग लागतात, धक्के बसतात, पेट्रोल जास्त जातं," कॅप्टन म्हणाले. "आणि वाटेत आल्प्स आहेत."

"आल्प्सला वळसा घालून दरीतून जाता येतं," चीफ म्हणाले. "तू दोनदा गेला आहेस. मला माहीत आहे."

"हवा वाईट असली तर?"

"तर तिला आधीच्या मुक्कामी उतरवून ठेवा, पण वर नेऊ नका," मी म्हणालो.

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. "कोण लागते तुझी?"

"शेजारी."

"बरं. जाऊ चौदा हजारांवरून."

विमान निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही कॅबिनची लीक टेस्ट घेतली. दारं लावून आत हवा भरायची, पंप बंद करायचा आणि काटा किती वेगाने उतरतो ते बघायचं. काटा हवा त्यापेक्षा भरभर उतरला. मागच्या दाराच्या रबरी पट्टीला साबणाचं पाणी लावलं, तर एका कोपऱ्यात बुडबुडे आले. एरवी एवढी गळती आम्ही पुढच्या तपासणीवर सोडली असती. त्या दिवशी पट्टी बदलली.

डॉक्टर नानांबरोबर मुंबईला आले. निघण्यापूर्वी त्यांनी इंदूच्या छातीत नेहमीपेक्षा कमी हवा भरली, फुगायला जागा राहावी म्हणून. जिनिव्हाच्या डॉक्टरांना तार केली. विमान उडालं. नाना बराच वेळ मोकळ्या धावपट्टीकडे बघत उभे राहिले.

तीन दिवसांनी कॅप्टन परतले. मी शिडीखालीच उभा होतो.

"काटा चार हजारांच्या खालीच राहिला," ते म्हणाले. "तुझी शेजारीण जेवली, झोपली आणि उतरताना मला थँक्यू म्हणाली. भाऊ न्यायला आला होता. धक्के मात्र आम्हाला फार बसले. बाकीच्यांपैकी दोन प्रवासी तक्रार करणार आहेत."

त्यांनी तक्रार केलीच. चीफनी उत्तर लिहिलं.

इंदूचं ऑपरेशन झालं. पोकळी मिटली. दीड वर्षाने ती स्वतःच्या पायांनी विमानातून उतरली आणि जूनमध्ये भोरला पुन्हा शाळेत रुजू झाली. पहिल्या सुट्टीत ती गुंजवण्याला गेली आणि गणपतरावांशी राहिलेला वाद पुरा करून आली. त्यांची मुलगी त्या वर्षी भोरला शाळेत आली आणि नानांच्याच घरी राहिली.

पुढे विमानं अधिक उंच गेली, त्यांचे पत्रे अधिक भक्कम झाले. विमान किती उंच जाऊ शकतं, हे कंपनी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापते. आत बसलेल्या माणसाला किती उंची सोसेल हे कुठेच छापलेलं नसतं. ते विचारावं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत सही न करणारा एखादा डॉक्टर असला तर इंजिनीयरने त्याच्यावर रागावू नये.