भाऊजींचा डिफॉल्ट शेल

ग्रंथालयाचे संगणक सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे भाऊजी म्हणतात, ही मेहुण्याची कृपा. हौशी मंडळींनी मिळून चालवलेली एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्या कामात भाऊजींनीच त्याला हौसेने आणलं. त्याने पहिल्याच निरोपात ‘भाऊजी’ लिहिलं आणि ते चिकटलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं.

काळ्या खिडकीत आपण हुकूम टाइप करतो. तो वाचून संगणकाकडून काम करवून घेतो तो शेल. सिस्टिम नव्याने बसवणाऱ्याला न मागता मिळणारा, म्हणजे डिफॉल्ट शेल गेली अकरा वर्षं भाऊजींनी लिहिलेलाच होता. कुठेही मशीन सुरू झालं की आपलंच लेकरू दारात उभं, या विचारावर भाऊजी रोज ग्रंथालयाचा जिना चढत. आता मेहुण्यानेही शेल लिहिला होता आणि कुठला ठेवायचा यावर शनिवारी दुपारी मतदान होतं.

बायको जेवताना भावाचं कौतुक करायला लागली की भाऊजी पाणी प्यायचे. त्या आठवड्यात फार पाणी प्यायले. “तुमचाही चांगलाच आहे हो,” ती म्हणाली. तो ‘ही’ त्यांना दोन दिवस टोचत होता.

मंडळींची रीत अशी, की दोष दाखवायचा तर सगळ्यांसमोर, आपल्याच मशीनवर. भाऊजींनी दोष हेरून ठेवला होता: मेहुण्याचा शेल जुने हुकूम विसरतो. तपासायला म्हणून बसवला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते पाहिलं होतं. पुन्हा पाहिलं नाही, कारण स्वतःचे हुकूम त्यांना तोंडपाठ. मधल्या एका अपडेटमध्ये मेहुण्याने दुरुस्ती केली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ऑनलाइन बैठकीत त्यांनी आपली स्क्रीन सगळ्यांना दाखवली, घसा खाकरला आणि मेहुण्याच्या शेलकडे जुन्या हुकमांची यादी मागितली.

यादी आली. तारखांसकट. कालचा प्रिंटर, परवाची पुस्तकयादी, गेला महिना, त्याच्या आधीचा. साडेचार महिने भाऊजी रोज मेहुण्याच्या शेलवर काम करत होते, हे स्क्रीनवर ओळीने उभं राहिलं.

“मीच भाऊजींना रोज वापरून तपासायला सांगितलं होतं,” मेहुणा घाईने म्हणाला.

भाऊजी आधी कधी जळले नसतील इतके तेव्हा जळले. चांगुलपणाही यालाच आधी सुचावा?

“याने काही सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “उद्या आपल्या शेलवर परत जाऊ, असं रोज म्हणत होतो. जाववलं नाही. माझं मत त्याला.”

मेहुणा जिंकला. मतं मोजल्यावर दिसलं, की भाऊजींच्या मताशिवायही जिंकला असता. हेच त्यांना जास्त लागलं.

जेवताना बायकोने विचारलं, काय झालं मग? भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला.