ठिपक्यानंतरचं पाणी

बुधवार, ७ ऑगस्ट २०२४. दुपारी सोड्याच्या पंचवीस किलोच्या पोत्याचे ६१२ रुपये ५० पैसे चुकते झाले. पोतं टाकीजवळ टेकवत सुपरवायझर समर्थ म्हणाला, "घ्या फरीदाताई. नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून वाण्याकडून आणला. निम्म्या भावात."

फरीदा अत्तार चिखलीतल्या त्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं आहे. बोल्ट ॲसिडमध्ये धुवायचे आणि त्यांच्यावर जस्त चढवायचं, हा तिथला धंदा. तिच्याकडे दोन कामं. आलेले बोल्ट तोलून वजनावरून नग काढायचे, आणि दर बुधवारी वापरून झालेलं पिंपभर ॲसिड टाकीत घेऊन सोडा घालून मारायचं, म्हणजे त्याचा जहालपणा घालवायचा. किती सोडा, ते आधीच्या केमिस्टने पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं होतं: १० किलो ६०० ग्रॅम. असा अडनिडा आकडा का, हे तिने कधी विचारलं नाही. राजगुरुनगरला दहावीत ती विज्ञानात नापास झाली होती. सूत्रं दिसली की अजूनही ती नजर वळवते.

टाकीचं पाणी बाहेरच्या खड्ड्यात जातं. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी धम्मरत्न नावाचा माणूस खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उतरून गाळ काढतो. पायात रबरी चपला, बाकी काही नाही.

फरीदाने सोडा तोलला, थोडा थोडा टाकीत सोडला. फेस आला, बसला. तिने ॲसिड तपासायची कागदाची पट्टी बुडवली. हिरवी व्हायला हवी होती, ती लालभडक झाली. दुसरी बुडवली. तीही लाल.

"समर्थ, ॲसिड मेलं नाही रे."

"पट्ट्या जुन्या असतील. पुठ्ठ्यावरचं माप घातलंत ना?"

"घातलं."

"मग झालं. पाच वाजता कॉक उघडा. उद्या टाकीचं आतलं अस्तर बदलणारे येणार, ती रिकामी पाहिजे. उरलेला सोडा पुढच्या बुधवारला ठेवा."

"आणि धम्मरत्न?"

"तुम्ही कधीपासून शास्त्रज्ञ झालात, ताई?" असं म्हणून तो हसत ऑफिसात गेला.

चार वाजत आले होते. अंदाजाने सोडा ओतत राहायची तिची छाती नव्हती. एकदा फेस टाकीबाहेर येऊन तिचं मनगट भाजलं होतं, तो डाग अजून आहे. ॲसिडच वेगळं असेल तर? धम्मरत्नच्या पोटऱ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मग तिचं लक्ष पोत्यावरच्या छापील अक्षरांकडे गेलं. धुण्याचा सोडा, Na₂CO₃·10H₂O. नेहमीच्या पोत्यावर नुसतं Na₂CO₃ असतं. मध्ये ठिपका, आणि पुढे दहा पाणी.

तिची अफरीन नववीत आहे. आठवड्यापूर्वी ती मोलची, म्हणजे वजनावरून कणांचे नग काढायची, गणितं मोठ्याने सोडवत होती आणि फरीदा भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. "ठिपक्यानंतरचं पाणीपण वजनात धरायचं, अम्मी. बाई तिथंच मार्क कापतात."

फरीदाने बोल्टांच्या पावतीमागे अफरीनच्या तोंडून ऐकलेले आकडे मांडले. सोडियम तेवीस दुणे शेहेचाळीस. कार्बन बारा. ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बेरीज एकशे सहा. म्हणजे एका मोलचे एकशे सहा ग्रॅम, आणि दहा किलो सहाशे म्हणजे बरोबर शंभर मोल. पुठ्ठ्यावरचा आकडा नऊ वर्षांनी उलगडला, पण आनंद व्हायला उसंत नव्हती.

पाणी अठरा, दहा वेळा, एकशे ऐंशी. एकूण दोनशे शहाऐंशी.

एकदा गिऱ्हाइकाने नट लावलेलेच बोल्ट पाठवले होते. वजन भरलं, नग मात्र कमी निघाले. इथेही तेच. ॲसिडला सोड्याचे नग लागतात, आणि ती तोलत होती नटांसकट, म्हणजे पाण्यासकट. शंभर नगांना अठ्ठावीस किलो सहाशे हवा. आख्खं पोतं रिकामं केलं तरी तीन किलो सहाशे कमी.

गणित चुकलं असेल तर, हे तिने तीनदा मनात म्हटलं. तरी समर्थला न विचारता उरलेलं पोतं हळूहळू टाकीत सोडलं. पट्टी केशरी झाली. मग ती शेजारच्या गाळ्यात धावली. तिथे गोजाबाई कंपन्यांचे गणवेश धुतात.

"धुण्याचा सोडा आहे का, मावशी? तीन किलो सहाशे."

"हाय की. पर एवढं मोजून? लेकीच्या लग्नाचं सोनं हाय का काय?" गोजाबाई हसल्या. फरीदाचा चेहरा पाहून त्यांनी तराजू काढला.

पाचला दहा कमी असताना पट्टी हिरवी झाली. तिने आणखी चार पट्ट्या बुडवल्या, मग कॉक उघडला. रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी ती खड्ड्याजवळ जाऊन उभी राहिली. धम्मरत्न आत उतरलेला.

"सुट्टीचं इथं काय, ताई? माझी हजेरी घ्यायला?"

"पायाला चुणचुणतंय का?"

"गार लागतंय. का हो?"

"काही नाही. थांबते जरा."

तो वर येऊन पाय धुईपर्यंत ती थांबली. पोटऱ्या नीट पाहिल्या, मगच घरी गेली.

पुढच्या बुधवारी नेहमीचा सोडा आला. गोजाबाईंचा तीन किलो सहाशे ग्रॅम धुण्याचा सोडा अजून द्यायचा आहे.