संध्याकाळी जड होणारं स्टिअरिंग

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या पोरींना भागाकार शिकवत होते. शिपाई दारात येऊन घुटमळायला लागला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले, काय ते सांग ना बाबा. घरून बोलावणं आलंय म्हणाला. मला वाटलं, आई. पंच्याहत्तरी उलटलेली म्हातारी घरात असली की असं बोलावणं तिच्याच नावाने येणार, हे मी मनात कधीचं धरून चालले होते. धापा टाकत गिरगावातलं आमचं घर गाठलं, जिना चढले, तर वर दारात आईच उभी. तिला उभी बघून मला हायसं वाटलं. कशासाठी हायसं वाटलं, ते मग आत गेल्यावर कळलं... सकाळीच तर दादाने माझ्यासमोर बसून चहा घेतला होता. छातीत जरा सर्दी होती इतकंच. 'कुसुम, पुढच्या टायरांत हवा भरून घ्यायला हवी,' असंही म्हणाला होता. सकाळी तो नेहमीच चांगला असायचा आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

आम्ही दोघं भावंडं, दोघंही बिनलग्नाची, आईच्या डोक्याला कायमचा ताप. मनोहरदादा फोर्टात एका परदेशी कंपनीत हिशेबनीस, मी मास्तरीण. आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरात कारकुनी चालत आलेली, त्यामुळे गाडीबिडी घ्यायची अक्कल आमच्यात कुणाला सुचली नव्हती. ती दादाला सुचली. त्याच्या ऑफिसातला साहेब बोटीने मायदेशी परत निघाला आणि जाताना आपली जुनी अमेरिकन गाडी दादाच्या गळ्यात मारून गेला. केवढी ती गाडी! गल्लीत शिरली की समोरच्या बिऱ्हाडांना खिडक्या मिटून घ्याव्या लागत. शेजारी तिला मनोहरचा बंगला म्हणत. मी नावं ठेवायला सुरुवात केली, तर दादाने आईला हाताला धरून खाली नेलं, पुढच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं आणि म्हणाला, 'आई, आता करंगळीने फिरव.' आईने बिचकत करंगळी लावली आणि एवढं थोरलं चाक गर्रकन फिरलं. पॉवर स्टिअरिंग! इंजिन चालू असलं की एक पंप तेलाचा दाब देतो, माणसाला जोर म्हणून लावावा लागत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. आई लहान पोरीसारखी हसली. पुढे कितीतरी दिवस येईल त्या पाहुण्याला ती आपली करंगळी दाखवायची.

ते दिवस सभांचे होते. गिरगावातल्या बायकांना शिवाजी पार्कच्या सभेला न्यायला दादाची गाडी सगळ्यात पुढे. दाटीवाटीने बायका आत, खिडकीतून बाहेर झेंडा, आणि चाकामागे बसून दादा घोषणा द्यायचा. त्याचा आवाज खणखणीत. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असं तो म्हणायचा आणि 'झालाच पाहिजे' आम्ही बायका. आईला या गर्दीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने तिला शब्द दिला होता की ज्या दिवशी महाराष्ट्र होईल त्या संध्याकाळी तू पुढच्या सीटवर बसायचंस, मी गाडी चालवायची आणि गिरगावातून थेट शिवाजी पार्कपर्यंत रोषणाई बघत जायचं. आईने तो शब्द पदराला गाठ मारून ठेवावा तसा ठेवला. रोज जेवताना विचारायची, 'झाला का रे तुझा महाराष्ट्र?'

आणि मग गाडीचं स्टिअरिंग जड व्हायला लागलं. गणपती नुकतेच होऊन गेले होते. दादा ऑफिसातून आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, आज चाक फार जड लागलं. आम्ही कोण दखल घेतो! दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. सकाळी जाताना फुलासारखं, संध्याकाळी येताना जात्यासारखं. मग तपास सुरू झाला. डिलाईल रोडला परब म्हणून एक मिस्त्री होता, मालवणकडचा, दादाच्याच वयाचा, दोघांची गट्टी जमलेली. रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन त्याच्याकडे जाणार आणि मी सोबत जाणार, हा आमचा त्या वर्षीचा परिपाठच झाला. परबने आधी टायरांतली हवा बघितली, ती बरोबर होती. मग पंप फिरवणारा पट्टा ढिला आहे का बघितलं, तो ताणून बसवला. तेल कमी आहे का बघितलं, ते काठोकाठ. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून आणि चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडतंय का म्हणून. कुठेही अडत नव्हतं. ग्रीस झालं, वॉशर झाले. परब म्हणायचा, 'दादानू, चाक हलका हा. तुमीच बघा.' दादा बघायचा तर हलकंच. संध्याकाळी फोर्टातून घरी येईपर्यंत पुन्हा जड.

शेवटी दोघांनी डोकं लावून निदान काढलं की पंपच म्हातारा झालाय. सकाळी तेल थंड आणि दाट असतं तोवर दाब टिकतो, दिवसभर गाडी पळून तेल तापलं, पातळ झालं की दाब पडतो. ऐकायला इतकं पटणारं होतं की मी शाळेतल्या मास्तरांनाही समजावून सांगितलं. फक्त माझ्या एक लक्षात आलं होतं आणि ते मी चेष्टेत बोलूनही गेले. रविवारी दिवसभर हिंडलो तरी रात्रीपर्यंत गाडी बरी असायची. मी म्हटलं, दादा, तुझी गाडी सुट्टीचा वार पाळते रे! तो हसला नाही. मला राग आला की हल्ली याला साधी मस्करीही चालत नाही.

दिवाळीच्या थोडं आधी रे रोडच्या भंगारवाल्यांकडे तसल्याच गाडीचा पंप मिळाला आणि परबने तो बसवला, असं दादाने घरी येऊन सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत गाडी लोण्यासारखी चालली. आईने पंपासाठी देवापुढे साखर ठेवली. सुट्टी संपली, ऑफिस सुरू झालं आणि पंधरवड्यात पहिले पाढे पंचावन्न. नवा पंपही जुनाच ना, दादा म्हणाला. हात घसरतो म्हणून त्याने आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ मागून घेतला आणि स्टिअरिंगला उजव्या अंगाने घट्ट गुंडाळला.

आता आठवायला बसले की डोक्याचा नुसता गोंधळ होतो. कारण गाडीच्या जोडीने बाकीचंही सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. रात्री जेवताना दादा मधेच थांबायचा, हनुवटीला खालून हात लावून बसायचा. दोन घास चावले की दमायचा. बोंबलाचं कालवण ज्याने कधी टाकलं नाही, तो ताट सारून उठायला लागला. मी म्हटलं, बाहेर खाऊन येतोस वाटतं! सभेला निघताना पहिली घोषणा खणखणीत द्यायचा, तिसरीला आवाज नाकातून यायचा, मग तो हाताने खूण करून पुढचं आमच्यावर सोपवायचा. आम्ही म्हणायचो, ओरडून ओरडून घसा बसलाय. डावी पापणी संध्याकाळी खाली उतरायची, तर आईने दृष्ट काढली. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं, आणि कारणं वाईटही नव्हती. त्या दिवसांत कुणाचा घसा बसलेला नव्हता? कुणाची झोप पुरी झाली होती?

एका सभेहून परतताना परळच्या नाक्यावर गाडी अर्ध्या वळणात उभी राहिली. इंजिन चालू, मागून ट्रामची घंटा, बसवाल्यांच्या शिव्या आणि दादाचे दोन्ही हात मांडीवर पडलेले. 'कुसुम, फिरतच नाहीये गं,' म्हणाला. त्याला श्वास पुरेना. लोकांनी गाडी कडेला ढकलली आणि आम्ही जवळच्या इस्पितळात गेलो. तिथला डॉक्टर तरणा होता, शांतपणे विचारत होता की हे केव्हापासून. मी वैतागलेली. मी म्हटलं, याला काही झालेलं नाही हो, त्या गाडीने याला दमवलंय, स्टिअरिंग जड आहे तिचं. डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली.

'जड कधी लागतं? दिवसभर?'

'छे, सकाळी हलकं असतं. संध्याकाळीच जड. आणि रविवारी बरं असतं.'

तो एकेक विचारत गेला आणि मी गाडीची सगळी रडगाणी सांगत गेले. मी गाडीचं सांगत होते आणि तो दादाचं लिहून घेत होता. मग त्याने एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात दादाची पापणी वर उचलली गेली, तो उठून बसला आणि आपल्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाला, 'कुसुम, भूक लागली गं.' आम्ही देवाचे आभार मानायला लागलो, पण डॉक्टरचा चेहरा उतरलेला होता. स्नायूंचा विरळा आजार, त्याने सांगितलं. विसावा मिळाला की ताकद येते, वापरली की सरते. गोळ्या आहेत, पण सर्दीपडशाला फार जपा, छातीचे स्नायूही दमतात.

त्यानंतरचे महिने गोळ्यांवर गेले. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे आता ठरलं होतं आणि दादाचं एकच पालुपद, त्या संध्याकाळी गोळी घेऊन मीच चालवणार, आईला शब्द दिलाय. रोज सकाळी खाली उतरून गाडीत बसायचा, इंजिन चालू करून चाक फिरवून बघायचा. आणि गंमत म्हणजे आईला तो शेवटपर्यंत सांगत राहिला की स्टिअरिंग अजून थोडं जड आहे, परब बघतोय. तिला आजाराचं नाव कळू द्यायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं. त्या संध्याकाळला थोडे आठवडे उरले असताना त्याला ती सर्दी झाली.

तेराव्याला परब आला. टोपी काढून आईच्या पाया पडला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, 'ताई, तुमका एक सांगूचा होता. पंप मी बदललोच नाय.' मला काही समजेना. तो सांगत गेला. दिवाळीआधी एका संध्याकाळी दादा ऑफिसातून घरी न येता तडक गॅरेजवर गेला होता. आता जड आहे, आता बघ, म्हणाला. परबने शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत एका बोटाने चाक फिरवलं. पुन्हा फिरव, दादा म्हणाला. परबने पुन्हा फिरवलं. मग दादाने स्वतः फिरवून बघितलं, त्याला फिरेना. परबला आधी वाटलं हा मस्करी करतोय. दादा कितीतरी वेळ तसाच बसून राहिला आणि उठताना म्हणाला, 'परब, घरी सांगेन पंप बदलला म्हणून. तू नाही म्हणू नकोस.'

म्हणजे त्याला ठाऊक होतं. परळच्या नाक्याच्या कितीतरी आधी, आईने पंपासाठी साखर ठेवली त्याच्या आधी, लुगड्याचा काठ मागितला त्याच्याही आधी. ठाऊक होतं तर डॉक्टरकडे का नाही गेला? बायकांनी भरलेली गाडी घेऊन सभांना कसा गेला? मला बोलला असता तर मी काय त्याला खाल्लं असतं? माझा संताप होतो, आणि संताप काढायला तो नाही. कधी वाटतं, गाडीचा दोष असता तर परबने दुरुस्त केला असता, म्हणून तो गाडीचाच दोष धरून बसला. कधी वाटतं, आईसाठी. कधी वाटतं, त्या बसून राहिलेल्या संध्याकाळीसुद्धा त्याला खरं कळलं नसेल, नुसती भीती वाटली असेल. मी गणित शिकवणारी बाई, पण हे मला सुटत नाही.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी सुतक फिटलेलं असलं तरी मनातलं गेलं नव्हतं, कुणाला बाहेर पडायची इच्छा नव्हती. पण आई नवं लुगडं नेसून बसली. मनूने शब्द दिलाय म्हणाली. परबला बोलावलं. तो चाकामागे बसला, आई पुढे त्याच्या शेजारी, मी मागे. गल्लीत फटाके वाजत होते, खिडक्याखिडक्यांतून दिवे. परबने इंजिन चालू केलं, पण त्याचा हात त्या हिरव्या काठावर जाईना.

आईने वाकून आपली करंगळी पुढे केली, आपल्याच लुगड्याच्या काठाला लावली आणि हळूच दाबली. चाक गर्रकन फिरलं. तिने ते उलटं फिरवून पाहिलं. मग करंगळी पदरात झाकून घेतली आणि परबला विचारलं, 'मग जड काय होतं रे माझ्या मनूला?'

परब माझ्याकडे बघायला लागला, मी बाहेर. मग त्याने तो काठ दोन्ही हातांनी धरला आणि गाडी गल्लीतून बाहेर काढली.